एका कोयत्याचा व्हिसा

राणीसावरगावच्या झुंबरबाईनं साऱ्या गावाला ठणकावून सांगितलं होतं की व्हिसा एक आला तरी माणसं दोन जाणार. गाव हसलं. हसेना का! गावाला काय, मांजर आडवं गेलं तरी हसू येतं.

आता यात तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. सोळा वर्षं झाली, दसरा झाला की ती आणि तिचा नवरा व्यंकटी ऊसतोडीला निघतात. कधी सांगलीकडं, कधी पार कर्नाटकात. तिथं मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं पाचट साळून मोळी बांधायची, दोघांनी मिळून गाडी भरायची. मुकादमानं विचारावं, "किती कोयते?" आणि कुणी म्हणावं, "वीस," की ट्रकमधून चाळीस माणसं उतरतात, पोरंसोरं आणि कोंबड्या वेगळ्या. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. त्याच्याकडं मुकादम फाटक्या नोटेकडं बघावं तसा बघतो.

मग गंगाखेडचा एजंट गोपीचंद जेव्हा म्हणाला, "मावशी, ओमानात एका मोठ्या शेतावर जागा निघाल्यात. पास झाले तर एक व्हिसा तुमचा," तेव्हा झुंबरबाईनं दुसरं काय समजायचं?

"एक म्हंजी एक कोयता न्हवं?" तिनं खुंटा हलवून बघितला.

गोपीचंदाच्या एका कानाला फोन होता आणि दुसरा फोन टेबलावर थरथरत होता. तो म्हणाला, "हाव हाव, एकच."

झालं! ठरलं.

पोरगी पंकजा गंगाखेडच्या वसतिगृहात राहून अकरावी शिकत होती. ती सुट्टीला आली तेव्हा तिनं आईला समजावायचा एक प्रयत्न केला.

"माय, पासपोर्ट एका मानसाचा असतोय. व्हिसा बी एकाच मानसाचा."

"बरं. आधार कार्ड किती मानसाचं असतंय?"

"एकाचं."

"अन् रेशन कार्ड?"

"ते साऱ्या घराचं."

"तसंच हाय ते. पासपोर्ट म्हंजी आधार, व्हिसा म्हंजी रेशन. अकरावी शिकलीस अन् येवढं कळंना व्हय गं तुला?"

पंकजानं कपाळावर हात मारला आणि मुकाट्यानं दोघांचेही पासपोर्टचे फॉर्म भरून टाकले. चौकशीला पोलीस आला त्या दिवशी अर्ध्या गल्लीनं आतून कड्या लावून घेतल्या. झुंबरबाईनं मात्र त्याला चहा पाजला, वर भाजलेल्या शेंगा दिल्या आणि विचारलं, "ओमानात ऊस कसा हाय? उभा हाय का लोळलेला?" पोलीस शेंगा फोडत राहिला. लोळलेला ऊस तोडायला लय जड जातो, एवढंच तिला आधी माहीत करून घ्यायचं होतं.

तसं गावाला परदेशाचं नवल उरलेलं नव्हतं. गल्लीतला हरिओम मलेशियात हॉटेलात कामाला होता. माणिकरावाची पोरगी भक्ती नर्स होऊन जर्मनीला जायची म्हणून ओट्यावर बसून जर्मन घोकायची, आणि ते ऐकून कुत्री भुंकायची. कुणाचा भाऊ कतारला, कुणाचा मेव्हणा सौदीला. पारावर बसणाऱ्या ज्या म्हाताऱ्यांना गंगाखेडच्या पलीकडचं काही ठाऊक नसायचं, ते आता दोहात किती वाजले ते घड्याळ न बघता सांगायचे. माजी सरपंच दिनकररावांनी झुंबरबाईला भूगोल सांगितला, "मुंबई संपली की समुद्र. समुद्र संपला की ओमान. मधी काईच न्हाई."

"मंग सांगलीपक्षा जवळच की!" झुंबरबाई म्हणाली आणि टाळी दिली. दिनकररावांना टाळी घ्यावी लागली.

व्यंकटी तर वेडाच झाला होता. सहा फूट उंच गडी, पण विमानाचं नाव काढलं की पोरासारखा खिदळायचा. हसण्यात ती त्याच्यापेक्षा काकणभर सरसच होती. दोघं मिळून हसायला लागली की शेजारी चौकशीला यायचे.

पण दोघांनीच जायचं, या हट्टामागं एक कारण होतं, आणि ते हसण्यातलं नव्हतं.

शेजारच्या चांगुणाबाईचा नवरा सिताराम दुबईला गेला होता. दोन वर्षांसाठी म्हणून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. दर शुक्रवारी तो फोनमध्ये दिसायचा. चांगुणाबाई केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून फोन धरून बसायची. एकदा तो म्हणाला, "म्हैस दाखीव जराशीक." तिनं फोन फिरवला. सितारामानं म्हशीची विचारपूस केली, वगारीची केली, दूध किती देते ते विचारलं, आणि रेंज गेली. नटलेली चांगुणाबाई फोन धरून म्हशीपुढं तशीच उभी.

हे सांगताना झुंबरबाई पोट धरधरून हसायची, आणि हसून झालं की चांगुणाबाईच्या घराकडं बघत राहायची. आपलं असं होता कामा नये, एवढं एकच तिनं मनाशी धरलं होतं. ओमान काय, चंद्रावर ऊस लावला तर चंद्रावर जाऊ, पण दोघं जाऊ. तिनं व्यंकटीला बजावलंही होतं, "आवो, मला हितं टाकून जायचं न्हाई. सांगून ठिवते."

"टाकून कुटं जातो? मला मोळी तरी बांधता येती का?" व्यंकटी म्हणाला होता, आणि पुन्हा दोघं हसली होती.

पोळा झाल्यावर चौथ्या दिवशी परीक्षेचा निरोप आला. झरीला एका बागायतदाराच्या रानात कडवळ उभं होतं. वैरणीची ती उंच ज्वारी कापायची, पेंढ्या बांधायच्या आणि ट्रॉलीत रचायच्या. अर्ध्या तासात जो जास्त रचेल तो पास. ओमानातली ती कंपनी दुधाचा धंदा करायची, आणि तिथं वाळवंटात पाणी पाजून वैरण पिकवायची.

"म्हंजी ऊस न्हाईच?" व्यंकटी जरा हिरमुसला.

"ऊस नसला तर नसू द्या! कडवळ म्हंजी उसाची धाकटी जाऊच की. ती का आपल्याला वळकीत न्हाई?"

पहाटेच्या एस्टीनं दोघं परभणीला आणि तिथून जीपनं झरीला पोचली. सोबत धार लावलेला कोयता होता, दहा शेर पीठ होतं आणि रानात राहायच्या कोपीवर घालायची ताडपत्री होती. मुकादमाचा काय भरवसा? पास झालात, आता इथूनच बसा गाडीत म्हणाला, तर ऐनवेळी ताडपत्री कुठून आणायची!

रानात चाळीस गडी जमले होते. बोरीचे होते, जिंतूरचे होते, नांदेडकडचेही होते. बाई म्हणाल तर ही एकटी. बोरीचा भुजंग म्हणून एक जण सौदीला सहा वर्षं राहून परत आलेला होता, आणि नवख्यांना शहाणपण शिकवत होता. "पासपोर्ट मालकाजवळ देऊ नका, स्वतःजवळ ठिवा. करारावर काय लिवलंय ते कोनाकडून तरी वाचून घ्या. उन्हात पानी मागायला लाजू नका." सगळे मान डोलवत होते. झुंबरबाईनंही डोलवली.

बांधावर छत्रीखाली कंपनीचे मॅनेजर साहेब बसले होते. माणूस केरळचा, बावीस वर्षं ओमानात काढलेला, हिंदी मोडकंतोडकं पण आवाज गोड. त्यांनी नावं लिहून घेतली. झुंबरबाईचं लिहिल्यावर नवऱ्याचं नाव विचारलं. आता नवऱ्याचं नाव काय असंच घ्यायचं असतं का? तिनं पदर सारखा केला आणि चाळीस गड्यांदेखत खणखणीत आवाजात नाव घेतलं:

"कडवळाच्या रानात वारा सुटला गार,
व्यंकटरावांच्या जोडीनं जाते समुद्रापार!"

गड्यांनी शिट्ट्या मारल्या. साहेबांनी गोपीचंदाला विचारलं, बाई काय म्हणाल्या? बाई नवऱ्याबरोबर नुसती बघायला आली आहे, अशीच गोपीचंदाची समजूत होती. तो म्हणाला, "स्वागतगीत आहे, सर." साहेबांनी हात जोडले.

शिट्टी वाजली आणि व्यंकटी कडवळात घुसला. त्याचा कोयता चालायला लागला की बघत राहावं. डाव्या हाताची कव, उजव्या हाताचा घाव, सपासप. मागं झुंबरबाई. ताटं गोळा केली, गुडघा दिला, ताटाचाच पीळ घालून गाठ मारली, फेकली, दुसरी. एकमेकांकडं बघायचंसुद्धा काम नव्हतं. तो कुठं थांबणार हे तिला आधी कळायचं आणि ती कधी संपवणार हे त्याला. मध्येच आभाळाकडं बघून तो ओरडला, "झुंबरे, इमान!" आणि ती ओरडली, "आधी पाय बघा, बोट तोडताल!" आणि दोघं हसत हसत पुढं. बाकीचे गडी काम सोडून यांच्याकडंच बघायला लागले.

अर्ध्या तासानं मोजणी झाली. बाकीच्यांत जास्तीत जास्त तेहतीस. यांच्या ब्याण्णव!

साहेब छत्री टाकून उभे राहिले. त्यांनी पुन्हा मोजल्या, पेंढ्या ओढून बघितल्या. एकही सुटेना. "कौन? किसका है ये?"

"एक कोयता!" झुंबरबाईनं छाती पुढं काढून सांगितलं.

कोयता म्हणजे काय ते गोपीचंदानं साहेबांना समजावलं, आणि समजावता समजावता त्याचं त्यालाच कळलं की मावशी इतके दिवस काय समजून चालली आहे. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब मात्र मनापासून हसले. मग त्यांनी एक बोट वर केलं. एक व्हिसा, एक माणूस. जोडी चालणार नाही.

"न्हाई कशी चालत?" झुंबरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आमी एकाच कोपीत ऱ्हातो. येगळी कोपी मागितली का आमी? ताडपत्री बी आमचीच हाय!"

भुजंग हळूच म्हणाला, "ताई, तिकडं मजुराला बायको संगं ठिवता येत न्हाई. मोठ्या पगाराच्या साहेबालाच तशी परवानगी मिळती. आमच्या खोलीत बारा गडी होते. बारा गडी अन् बारा फोन."

झुंबरबाईनं क्षणभरच विचार केला. मग तिनं ताडपत्री उचलली. "चला वो. आपली सांगलीच बरी."

पण व्यंकटी हलला नाही. तो ट्रॉलीकडं बघत होता. मग खाली मान घालून म्हणाला, "साहेब, माजी एकल्याची घ्या परीक्षा."

तिला वाटलं आपल्याला ऐकू आलं ते खरं नाही.

"आवो? मला टाकून?"

"दोनच वर्सं हायेत," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "आशी जातेल. पंकीच्या शिक्षनाला व्हतंय, घरावर पत्रे पडतेल. मानूस कवर ऊस तोडीत बसंल?"

तो खोटं बोलत नव्हता, म्हणूनच तिला जास्त लागलं. ती बांधावर बसली. दिवसभराचं हसू कुठं गेलं कळेना, आणि डोळ्यांपुढं सारखी चांगुणाबाई यायला लागली, म्हशीपुढं उभी.

पुन्हा शिट्टी वाजली. व्यंकटीनं कडवळ असं कापलं की वाफ्याचं मैदान झालं. कमरेएवढा ढीग! आणि मग तो पेंढ्या बांधायला बसला. अरे देवा! एक गाठ मारली की दुसरीकडून ताटं निसटायची. एक पेंढी त्यानं खांद्यावर घेतली, तर ट्रॉलीपर्यंत हातात नुसता पीळ उरला. पोरं हसून लोळायला लागली. एक जण ओरडला, "दाजी, पेंढी हाय का खिचडी?" तसली चिडलेली झुंबरबाई, पण तिलाही हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून ती गदागदा हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कशाचं होतं कुणास ठाऊक.

भरल्या अकरा. साहेबांनी मान हलवली. व्यंकटी कपाळ पुसत उभा राहिला, लाल झालेला.

तेव्हा झुंबरबाई उठली. तिनं त्याच्या हातातून कोयता घेतला, पदर खोचला आणि म्हणाली, "आता माजी घ्या."

"मावशी, आवो, बायामानसाला..." गोपीचंद मध्ये पडला.

पण साहेबांनी त्याला गप्प केलं. त्यांच्या शेतावर भाजीपाल्याच्या जाळीघरात चौदा बायका होत्या, केरळच्या, नेपाळच्या, श्रीलंकेच्या. त्यांची राहायची जागा वेगळी. आणखी एक बाई चालेल, म्हणाले, बघू तर द्या.

तिला फक्त राग आला होता. जायचं वगैरे तिच्या मनातही नव्हतं. पण पहिला घाव घातला आणि हात मोकळा झाला. सोळा वर्षांत व्यंकटीला ताप आला, कंबर धरली, पाय मुरगळला, तेव्हा तेव्हा ऊस तिनंच तोडला होता, आणि मोळीही तिनंच बांधली होती. मुकादमाच्या वहीत ते कुठंच नव्हतं. कापलं की बांधलं, बांधलं की फेकलं. वाफा मागं सरकत होता आणि तिला काय झालं कळेना, अंगात नुसत्या लाह्या फुटत होत्या. एरवी कुणाच्या तरी मागं चालायची सवय. आज पुढं कुणीच नव्हतं, नुसतं हिरवंगार रान आणि वारा. गडी मोजायला लागले, "तीस! एकतीस! बत्तीस!" चौतिसाव्या पेंढीला रानात असा कल्ला झाला की बगळे उडाले. शिट्टी वाजली तेव्हा झाल्या होत्या एकेचाळीस.

भुजंगानं टोपी उडवली. नांदेडच्या गड्यांनी ट्रॉलीचा पत्रा बडवला. साहेब चालत आले आणि झुंबरबाईला म्हणाले, व्हिसा तुमचा.

तिनं मागं वळून बघितलं, व्यंकटी दिसतो का म्हणून. मग तिच्या ध्यानात आलं की साहेब तिच्याशीच बोलत आहेत. आणि ती हसायला लागली. हसता हसता ती खाली बसली, उठली, पुन्हा बसली. विमान! ती! तिचे हात हिरवे झाले होते, ते तिनं कपाळाला लावले, गालाला लावले, सगळं तोंड हिरवं करून घेतलं.

गोपीचंदानं कागद आणला. साहेबांनी बांधावर बसून करार सगळा वाचून दाखवला. काम किती तास, सुट्टी कधी, पासपोर्ट तिच्याजवळच राहील. दोन वर्षं. शेवटी एक कागद उरला. लग्न झालेल्या बाईला न्यायचं तर नवऱ्याची संमती लागते, असा कंपनीचा नियम होता. सही व्यंकटीची हवी.

सगळे व्यंकटीला शोधायला लागले. तो ट्रॉलीच्या पलीकडं, घडी घातलेल्या ताडपत्रीवर बसला होता. सहा फुटाचा गडी, गुडघ्यात डोकं घालून.

"झुंबरे," तो डोकं वर न करता म्हणाला, "मला टाकून जायलीस?"

गडी इकडंतिकडं बघायला लागले. कुणी उगाच पेंढ्या सारख्या केल्या.

झुंबरबाईच्या जिभेवर आलं होतं, 'दोनच वर्सं हायेत, आशी जातेल.' मघाशी लागलेलं सगळं तिला तिथंच वसूल करता आलं असतं. पण त्याचे खांदे हलत होते, म्हणून तिनं ते गिळलं. ती त्याच्याजवळ ताडपत्रीवर बसली. एक गोष्ट तिची तिलाच भीती घालत होती. तिला जायचं होतं. नवरा रडत होता, तरीही जायचं होतं, आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

"आवो," ती म्हणाली, "मी खोटं बोलत न्हाई. माजं मन निगालंय जायला. पन तुमी सही नगा करू वाटलं तर. कागद फाडून टाका. मी एक सबूद बोलायची न्हाई, खंडोबाची आन."

व्यंकटीनं डोळे पुसले. कागद मांडीवर घेतला, पेन घेतलं, पुन्हा खाली ठेवलं.

"परत येशील न्हवं?"

"न येऊन कसं चालंल? तिकडं मला भांडायला कोन हाय?"

तो रडता रडता फुसकन हसला. मग कागद त्यानं पुन्हा मांडीवर ओढला, जीभ दातांत धरली आणि सही केली. एवढी मोठी केली की ती चौकटीच्या बाहेर गेली. गोपीचंद म्हणाला, चालतंय, चालतंय, काही बिघडत नाही. व्यंकटीनं कागद झुंबरबाईच्या हातात दिला आणि म्हणाला, "जा."

सोळा वर्षं मुकादमाच्या वहीत व्यंकटीचं नाव असायचं आणि त्यातच ती असायची. या कागदावर वरती तिचं नाव होतं, एकटीचं. तिनं ते दोनदा वाचलं. आणि दिवसभर हसणारी झुंबरबाई नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून, चाळीस गड्यांदेखत, मोठ्यानं गळा काढून रडायला लागली.

"आगं, लोकं बघायलेत," व्यंकटी म्हणाला, आणि तिच्या गालावरचा कडवळाचा हिरवा रंग आपल्या उपरण्यानं पुसत राहिला.